काजूचे मधले पैसे

वर एकाने विचारलंय की शेतकऱ्याच्या काजू बीचा दर आणि वेंगुर्ल्यातल्या दुकानातला गराचा दर यात एवढं अंतर, मग मधले पैसे खातो कोण? दलाल खातोच, त्यात वाद नाही. पण आधी वजनाचं गणित बघा. एक किलो बी फोडली की गर मिळतो पाव किलो, फार तर तीनशे ग्रॅम. म्हणजे कोणी एक रुपया नफा घेण्याआधीच दर साडेतीन-चारपट झाला.

पुढे सगळा हाताचा खेळ. बी वाळवायची, वाफवायची, गार करून कटरवर एकेक फोडायची. टरफलातल्या चिकाने कातडी सोलवटते, म्हणून बायका हाताला तेल चोपडून बसतात. मग गर भट्टीत सुकवून साल काढायची. इथे हात जरा जड पडला की अख्ख्याचा तुकडा, आणि तुकड्याचा दर लगेच खाली. पाकिटावरचा डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर; आकडा जितका लहान, गर तितका मोठा.

दुसरं म्हणजे आपला हंगाम जेमतेम फेब्रुवारी ते मे. कारखाना वर्षभर चालवायचा तर आफ्रिकेची बी येते, आणि माझ्या मते खरी गोची तिथेच आहे. ती स्वस्त पडली की गावठी बीचा भाव पाडायला कारण मिळतं, आणि पाकिटावर मात्र ‘कोकणचा काजू’! बोंडूचं, म्हणजे बी ज्याला लटकते त्या रसाळ फळाचं, तर विचारूच नका, गोव्यात त्याची फेणी होते, आमच्याकडे बराचसा झाडाखालीच कुजतो.