स्कूबाचं किट आणि घरातली चार चाकांची सुटकेस: मला हे अजिबात पटलेलं नाही

अजिंक्यतारा:
परवा इथे एकाने लिहिलं, "स्कूबासाठी वेगळी बॅग घेणं म्हणजे पैशाचा चुराडा. घरातली चार चाकांची सुटकेस काढा, किट कोंबा, काही होत नाही." खाली भराभर अंगठे पडले. अंगठे देणाऱ्यांपैकी कितीजणांनी ती सुटकेस तारकर्लीच्या वाळूतनं ओढलीय, ते तरी सांगा.

सिलिंडर आणि शिशाची वजनं तिथे मिळतात, मान्य. तरी बीसीडी (पाण्यात तरंगणं सांभाळणारं हवेचं जाकीट), रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडात देणारं यंत्र), फिन्स (पायात घालायचे पंख), बूट, तीन मिलिमीटरचा वेटसूट (थंडी अडवणारा रबरी पोशाख) आणि मास्क मिळून दहा-अकरा किलो होतातच. परतताना वेटसूट पुरता वाळलेला नसतो, म्हणजे वजन आणखी वाढलं. चार चाकांच्या सुटकेसची चाकं बाहेर लटकलेली असतात, प्रत्येक चाक एका बारीक दांड्यावर. विमानतळाच्या फरशीवर ती पळतात. स्टँडबाहेरच्या खडीवर पहिला दांडा वाकतो आणि मग उरलेला प्रवास बॅग उचलून.

घ्यायचीच तर दोन मोठी चाकं असलेली घ्या, निम्मी बॅगेच्या आत बसलेली. खाली वाकून चाकाचा आस बघा. नट-बोल्टचा असेल तर झिजलेलं चाक काढून स्केटिंगच्या बुटाचं चाक बसवता येतं. रिव्हेट मारलेलं असेल तर चाक गेलं की बॅग गेली.

दुसरं म्हणजे चेन. दहा नंबरची, प्लास्टिकच्या जाड दातांची. धातूच्या रनरच्या (चेन ओढायचा सरकता तुकडा) पोटात मीठ वाळून पांढरा खडा धरतो. जोर लावला की रनरचं तोंड फाकतं आणि चेन मागनं उघडी पडते. अशी बॅग मी सुतळीने बांधून घरी आणलीय. आणि तळाला पाणी निथळायला जाळीची भोकं हवीतच. दुकानदार कापडाच्या डेनियरवर (धाग्याच्या जाडीवर) तासभर बोलेल, पण कापड सगळ्यात शेवटी फाटतं. आधी जातात चाकं, चेन आणि हँडल.

कृष्णाकाठ:
ती पोस्ट माझी. सांगलीचा आहे, नाव घेऊन बोला.

देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर चेक-इनला १५ किलो आणि केबिनला ७ किलो मिळतात. तुमची ती चाकांची डफल रिकामीच चार किलोच्या वर भरते. म्हणजे उरले अकरा, त्यात कपडे कुठे घालायचे? माझी सुटकेस तीन किलोची आहे. वर फेकाफेकीत रेग्युलेटर चेपत नाही. कापडी बॅगेवर लोडरने दुसऱ्याची पेटी आपटली की काय होतं ते मी पाहिलंय.

आणि टिकाऊपणाचं मला शिकवू नका. २०१९ च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरलं. कापडी बॅगा चिखलाने कुजल्या, टाकून द्याव्या लागल्या. ही सुटकेस पाइप लावून धुतली, आजही वापरतोय.

अजिंक्यतारा:
रेग्युलेटर चेक-इनला टाकताच कशाला? तो केबिनमध्ये, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं मनगटी यंत्र) आणि मास्कबरोबर. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालतच नाहीत, त्याही हातातच. चेक-इनला राहतात फिन्स, बीसीडी, बूट, वेटसूट आणि चाकू. यातलं चेपण्यासारखं काय आहे?

तुमच्या घरात पाणी शिरलं याचं वाईट वाटतं. पण पुरातनं सुटकेस वाचली म्हणून तिची चाकं खडीवर टिकतील, हा हिशेब मला समजला नाही.

मिरजेची:
तुम्ही दोघे नको त्यावर भांडताय. किट भाड्याने मिळतं की! मास्क, माउथपीस आणि कॉम्प्युटर पाठीवरच्या सॅकमध्ये टाकायचं आणि निघायचं. वर्षातनं एकदा अंदमान, एकदा कर्नाटकातलं नेत्राणी बेट, त्यासाठी एवढा संसार कोण ओढणार?

वाईकर_ताई:
ताई, तुम्हाला भाड्याचा वेटसूट नीट बसत असेल तर तुम्ही नशीबवान. बहुतेक ठिकाणी पुरुषांच्या मापाचे ढीग आणि बायकांचे दोन-चार. कंबरेत पाणी खेळतं, पाठीत फुगा येतो, दुसऱ्या डाइव्हला दात वाजतात. बीसीडी खांद्यावरनं सरकत राहतो, मग पाण्यात तोल सावरण्यातच हवा संपते. स्वतःचं किट ही चैन नाही. हे बोललं की लोक म्हणतात, बायकांचे नखरे. म्हणून मी आता बोलते आणि सोबत माझी बॅग ओढते.

मिरजेची:
वेटसूटचं मान्य करते. बाकीचं नाही.

कराडचा_पव्या:
मला एसटीच्या डिकीबद्दल बोलायचंय. स्पेअर चाकाशेजारी बॅग ठेवा म्हणतात, वर ग्रीस आणि चिखल. वेटसूटला ग्रीस लागलं की निघत नाही. लालपरीत तर आत रॅकवर मावत नाही, पायाशी ठेवली की येणारा-जाणारा लाथ मारतो.

म्हणून मी एसटीचा नाद सोडला. मित्राची गाडी घेतो. पहाटे मालवण, सकाळी दोन डाइव्ह, दुपारी सुरमईचं ताट आणि रात्री घरी. ओलं सामान तसंच पिशवीत, घरी आल्यावर धुतो. एका दिवसात मोहीम फत्ते. बॅग कुठलीही चालते राव.

निवृत्त_नौसैनिक:
पव्या, बॅग राहू दे बाजूला. दोन डाइव्ह करून त्याच दिवशी घाट चढतोस? किती खोल जातोस?

कराडचा_पव्या:
अठरा-वीस मीटर. सर्टिफाइड आहे ओ. विमानात बसत नाही, गाडीने येतो. डाइव्हनंतर १८ तास थांबायचा नियम विमानाला आहे.

निवृत्त_नौसैनिक:
नियम उंचीला आहे, विमानाला नाही. कोचीच्या डाइव्हिंग स्कूलमध्ये आमच्या डोक्यात हे ठोकून बसवलं होतं. डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्हिंग-सुरक्षेच्या संस्थेची जी शिफारस तुम्ही सगळे तोंडपाठ म्हणता (एका डाइव्हनंतर १२ तास, अनेक डाइव्हनंतर १८), ती २००० फुटांपासून वर लागू आहे. आंबोली ७०० मीटरच्या आसपास, म्हणजे २००० फुटांच्या वर. सातारा शहर तर त्याहून थोडं उंच. फोंडा घ्या, आंबोली घ्या, नाहीतर चिपळूणवरनं कुंभार्ली. देशावर यायचं म्हणजे घाट आलाच. साताऱ्यात हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साधारण आठ टक्के कमी असतो. डाइव्हमध्ये अंगात मुरलेला नायट्रोजन त्याचे बुडबुडे करायला मोकळा.

कराडचा_पव्या:
काका, घाबरवू नका. शेकडो लोक मालवणला स्कूबा करून त्याच संध्याकाळी घाट चढतात. कुणाला काय झालंय?

निवृत्त_नौसैनिक:
ते लोक पाच-सात मीटरवर पंधरा-वीस मिनिटं, फोटोपुरते. त्यांची आणि तुझी बरोबरी लावतोस? त्या बुडबुड्यांनी तुझा गुडघा रात्री ठणकला तर तू म्हणणार गाडी चालवून दुखतोय. खांदा दुखला तर म्हणणार बॅग उचलली. हातापायाला मुंग्या आल्या तरी झोपून जाशील. आणि उपचाराला ऑक्सिजन आणि प्रेशर चेंबर कुठे शोधणार आहेस, कराडच्या नाक्यावर?

कृष्णाकाठ:
काका, सांगली साडेपाचशे मीटरवर आहे. म्हणजे आम्ही सुटलो.

निवृत्त_नौसैनिक:
सांगलीला उडत जाता का? घाट चढूनच जाता ना? आणि २००० फुटांच्या खाली सगळं माफ, असं कुणीही म्हटलेलं नाही. डाइव्हिंगच्या वर्गात समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वरच्या पाण्याला उंचीवरची डाइव्ह म्हणून शिकवतात. पाच-पाचशे रुपये वाचवायला जिवाशी खेळू नका, पोरांनो.

कराडचा_पव्या:
खोलीचं भाडं पाचशे नाही काका, सीझनला विचारून बघा. सुट्टी मिळत नाही, रविवार एकच असतो. तुमचं पेन्शनचं आयुष्य वेगळं.

वाईकर_ताई:
पव्या, नीट बोल. माणूस तुझ्या भल्याचं सांगतोय.

कराडचा_पव्या:
बरं. खोल डाइव्ह असेल तर मुक्काम करीन. एका उथळ डाइव्हसाठी मात्र करणार नाही, सांगून ठेवतो.

अजिंक्यतारा:
काकांनी सांगितलं तेच बॅगेलाही लागू आहे. मुक्काम केला की संध्याकाळी किट गोड्या पाण्यात बुडवून रात्रभर वाऱ्यावर टांगता येतं. चेन उघडझाप करत नळाखाली धरा, हँडलच्या नळीत पाणी सोडून वाळू बाहेर काढा. पव्यासारखं ओलं कोंबून घरी आणलं की मीठ सात-आठ तास बॅगेच्या पोटात बसतं. आणि धुतल्यावर माळ्यावर टाकू नका. आमच्याकडच्या पावसाळी दमटपणात पीयूची (पॉलियुरेथेन प्लास्टिकची) चाकं आतनं कुजतात. दिसायला नवी, पहिल्या फरफटीत भुगा. चाकावर नख दाबून बघा, चिकट लागलं तर प्रवासाआधीच बदला.

कृष्णाकाठ:
हे चाकाचं खरं असावं. माझ्या मेहुण्याच्या बॅगेचं असंच झालं, कंपनीला शिव्या घालत बसला होता. पण वजनाचं माझं म्हणणं कायम आहे. चार किलोची बॅग मी घेणार नाही.

मिरजेची:
मग चाकं नसलेली ताडपत्रीची शिवून घ्या ना. सांगलीत ट्रकची ताडपत्री शिवणारे आहेत, फिन्सचं माप दिलं की शिवून देतात, दीड किलोच्या आत. तळाला पितळी रिंगा मारून घ्यायच्या, पाणी निथळतं.

अजिंक्यतारा:
आणि ती स्वारगेटपासून लोहगाव विमानतळापर्यंत खांद्यावर? मेट्रोने रामवाडीपर्यंत गेलात तरी मध्ये गाडी बदलायची आहे.

कृष्णाकाठ:
खांदा माझा आहे. ताई, त्या शिवणाऱ्याचं दुकान नेमकं कुठे ते सांगा. आणि अजिंक्यतारा, स्केटिंगचं चाक बसवताना बोल्ट किती जाडीचा घेता तेही लिहा, मेहुण्याला सांगतो.

अजिंक्यतारा:
आठ मिलिमीटरचा. स्केटच्या बेअरिंगचं भोक तेवढंच असतं. स्टेनलेसचाच घ्या आणि नट आत नायलॉनचं कडं असलेला, साधा नट सुटतो.