मदत हवी आहे: दलित पँथरच्या छावण्यांचं (म्हणजे वस्त्यांमधल्या शाखांचं) रोजचं काम – मराठी साधनं कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी,

मी न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजात शिकते. या सत्रात पोर्तो रिकन आणि लॅटिनो समाज हा विषय घेतलाय. कॉलेजचं पोर्तो रिकन अभ्यास केंद्र १९७३ पासूनचं आहे, त्यामुळे इथली कागदपत्रं भरपूर मिळतात. अडलंय ते आपल्याकडच्या साधनांपाशी.

निबंध यंग लॉर्ड्सवर आहे. १९६९ च्या उन्हाळ्यात ही पोर्तो रिकन पोरं ईस्ट हार्लेममध्ये लोकांना विचारत फिरली, इथे आधी काय व्हायला हवं? उत्तर आलं, ‘ला बासुरा’, म्हणजे कचरा. पालिका तो वेळेवर उचलत नव्हती. पोरांनी झाडू घेऊन रस्ते झाडले, आणि तरीही गाड्या येईनात तेव्हा सगळा कचरा थर्ड ॲव्हेन्यूच्या मधोमध रचून पेटवून दिला.

हे वाचलं आणि वरळी डोळ्यांपुढे आली. मी बीडीडी चाळीत वाढले. आजोबा १९७४ च्या दंगलीबद्दल सांगायचे, पण त्याआधी पँथरची पोरं चाळीत रोज काय करायची, हे मी कधी विचारलंच नाही. आता आजोबा नाहीत.

दोन्ही संघटनांपुढे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेचा नमुना होता, म्हणून तुलना सुचली. बाईंनी बजावलंय, नमुना एक म्हणून दुखणं एक होत नाही. ते पटतं. पोर्तो रिको हे अमेरिकेच्या ताब्यातलं कॅरिबियन बेट, आणि तिथले लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, आणि मी पहिल्याच मसुद्यात त्यांना ‘परदेशातून आलेले’ लिहून बसले होते! तशी चूक जातीबद्दल लिहिताना मला करायची नाही.

इंग्रजीत मला सापडतं ते जाहीरनामा, कविता आणि संघटनेतली फूट यांबद्दल. मला हवंय ते छावण्यांचं काम: पाणी, संडास, रेशन, हॉस्पिटल. त्या काळातली पत्रकं, सभांच्या नोटिसा कुठल्या ग्रंथालयात जपल्या आहेत का? तुमच्या घरातलं कोणी तेव्हा छावणीत असेल तर माझ्याशी फोनवर बोलतील का? नाव छापणार नाही, आणि लिहिलेलं आधी त्यांना वाचून दाखवीन.

शिवाय ‘बार्रिओ’ला (शहरातल्या स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांच्या भागाला) मी ‘वस्ती’ म्हणतेय. याहून नेमका शब्द सुचतो का?

६ डिसेंबरला माझी बहीण शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर शोधणार आहे. तिने तिथे काय मागायचं, एवढं तरी कळवा.