पार्किन्सन्सची गोळी आणि शेंगाचटणी: जाणकारांनी मदत करा

वडील ६८ वर्षांचे, राहणार सोलापूर. उभी हयात चादरीच्या मागावर गेली. तुटलेला धागा बघता बघता सांधणाऱ्या बोटांना आता शर्टाचं बटण लावायला पाच मिनिटं लागतात. पार्किन्सन्सचं निदान झालंय, लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी चालू आहे.

डॉक्टर म्हणाले, "मेंदूत डोपामिन कमी पडतंय." बाहेर रांग एवढी, की पुढचं विचारलंच नाही. मग वाचून एवढं कळलं: दोन चेतापेशींमध्ये मिलिमीटरच्या सुमारे ५० हजाराव्या भागाएवढी फट असते. विजेचा संदेश पेशीच्या टोकाला पोचला की तिथल्या बारीक पिशव्या डोपामिनसारखं रसायन फटीत सोडतात, ते पलीकडच्या पेशीवर जाऊन बसतं. काम झालं की डोपामिन बरंचसं पहिली पेशीच परत ओढून घेते. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे मागावरचा धोटाच की, जाऊन परत."

आता शंका. डोपामिन कमी आहे तर सरळ डोपामिनचीच गोळी का देत नाहीत? आणि सकाळी उपाशीपोटी गोळी घेतली की पाऊण तासात हात सैल होतो, पण दुपारी कडक भाकरी, शेंगाचटणी, वाटीभर दही खाऊन घेतली तर लवकर काही फरकच नाही. भास आहे का हा?

प्रतिसाद: भास नाही. आईचं आठ वर्षं करतेय, म्हणून सांगते. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरतं, कारण ते अमिनो आम्ल आहे. आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. ते वाटेतच होऊ नये म्हणून कार्बिडोपा, नाहीतर मळमळ फार. शेंगदाणे-दह्यातल्या प्रथिनांचीही अमिनो आम्लंच होतात, आणि आतड्यात नि मेंदूच्या वेशीवर दार एकच. गर्दीत गोळी मागे राहते.

१९५७ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ अर्विद कार्लसन यांनी, मेंदूतलं डोपामिन संपवणारं रेसर्पिन देऊन निपचित केलेले ससे लेव्होडोपानेच उठवले होते. रेसर्पिन म्हणजे आपल्या सर्पगंधेतलं द्रव्य!

आईला गोळी जेवणाआधी अर्धा तास आणि प्रथिनं जास्त करून रात्री, असं बसवून दिलंय. तुम्ही मनाने वेळ बदलू नका, गोळी तर अजिबात बंद करू नका. आठवडाभर वेळा लिहून डॉक्टरांना दाखवा.

धागाकर्ता: आभार ताई. वही आजच घातली. चटणी रात्री चालेल बहुतेक, म्हटल्यावर वडील जरा हसले. अजून एक: असर उतरत आला की पहाटे पायाची बोटं आपोआप आत वळतात, दुखतात. आईंना असं होतं का?