जॉफिशच्या टँकमध्ये पिस्टल श्रिंप आणावी का? सल्ला हवा

खारटपाणी
रीफ टँक (प्रवाळांचा, खाऱ्या पाण्याचा) ९० × ४५ × ४५ सेंमी, म्हणजे साधारण १८० लिटर. वाळू ८ सेंमी. उजव्या कोपऱ्यात मुद्दाम १२ पर्यंत चढवली आहे, कारण तिथे पिवळ्या डोक्याचा जॉफिश राहतो. दिवसभर बिळातून डोकं बाहेर काढून बसतो, संध्याकाळ झाली की दाराला दगड लावून आत. डाव्या बाजूला यलो वॉचमन गोबी मासा आहे, एकटाच. त्याला सोबत म्हणून टायगर पिस्टल (पंजा मिटून 'टक्' आवाज करणारी, बीळ खणणारी कोळंबी) आणायचं मनात आहे. खडक वाळूवर रचलेले, चिकटवलेले नाहीत. तळाला झोअँथिड प्रवाळांचे काही फ्रॅग (लहान तुकडे) आहेत.
जॉफिशला कितपत धोका? आणि पिस्टलच्या त्या 'गोळी'ने काच तडकते म्हणतात, ते खरं का?

प्रवाळवेडा
काचेचं आधी निकालात काढू. पंजा इतक्या झटक्यात मिटतो की पाण्याची चिळकांडी सुटते, तिच्यामागे बुडबुडा तयार होतो आणि तो कोसळताना 'टक्' होतं. आवाज पंजे आपटल्याचा नसतो, बुडबुड्याचा असतो, हे २००० साली हाय-स्पीड कॅमेऱ्याने दिसलं. पुढच्याच वर्षी कळलं की त्या बुडबुड्यातून क्षणभर प्रकाशही निघतो आणि आतलं तापमान ५,००० केल्विनच्या वर जातं. आकडा ऐकून घाम फुटतो, पण बुडबुडा केवढासा, आणि त्याचा मार जेमतेम काही सेंटिमीटर पोचतो. काचेला काही होत नाही. काच फोडण्याची बदनामी मँटिस श्रिंपची, ती लोक उगाच हिच्या नावावर खपवतात. आवाज मात्र काच तडकल्यासारखाच येतो, तेव्हा पहिल्या रात्री टॉर्च घेऊन धावाल, एवढं नक्की.
मला काळजी वेगळीच वाटली: खडक वाळूवर?

तळठोक
तेच लिहायला आलो होतो. पिस्टल आवडतं घर बांधते ते खडकाच्या बुडाशी, कारण तिला आयतं छप्पर मिळतं. खालची वाळू ती रोज बुलडोझरसारखी ढकलत बाहेर आणते. वाळूवर टेकलेला खडक एक दिवस बसतो, कलतो, नाहीतर थेट घसरतो. खाली गोबी असेल तर गोबी गेला. पुढच्या काचेवर आला तर काच गेली. पिस्टलमुळे टँक फुटलाच तर तो असा फुटेल, पंजाने नाही.
श्रिंप आणायच्या आधी खडक काढा. ते तळकाचेवर, किंवा पीव्हीसीच्या बुटक्या पायांवर पक्के बसवा, वरचे एकमेकांना रीफ इपॉक्सीने जोडा आणि मग भोवती वाळू भरा. मग काय खणायचं ते खणू दे. हे श्रिंप नसली तरी करा. तुमचा जॉफिशही खणणाराच आहे.

दोनबिळं
जरा वेगळं मत. माझ्याकडे जॉफिश आणि पिस्टल-गोबी जोडी एकाच टँकमध्ये व्यवस्थित नांदतात. घाबरवू नका हो माणसाला.

तळठोक
टँक केवढा आहे?

दोनबिळं
१८० सेंमी लांब. बिळं दोन टोकांना.

तळठोक
मग बरोबर आहे. खारटपाणींकडे त्याच्या निम्मी लांबी आहे.

गोबीनामा
जॉफिशबद्दल थोडं सविस्तर. वॉचमन आणि पिस्टल यांचा करार असतो. श्रिंपला नीट दिसत नाही, म्हणून बाहेर आली की एक मिशी गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते. गोबीने शेपूट थरथरवलं की ती आत. बदल्यात गोबीला बीळ फुकट. जॉफिश या करारात नाही. तो स्वतःचं बीळ स्वतः खणतो आणि आतून शंखांचे तुकडे, खडे लावून भिंत पक्की करतो. नेमके तेच खडे पिस्टललाही हवे असतात. भांडण बहुतेकदा मारामारीचं नसतं, बांधकाम साहित्याचं असतं. दुसरं म्हणजे तिचे बोगदे सतत वाढत असतात. ९० सेंमीमध्ये एखादा जॉफिशच्या बिळात फुटला की त्याचं घर ढासळतं, तो बिळाबाहेर भटकायला लागतो, आणि भेदरलेला जॉफिश उडी मारतो. टँकवर बारीक जाळीचं झाकण आहे ना? नसेल तर सगळ्यात आधी ते करा.
आणि तुमचे तळाचे फ्रॅग! प्लगसकट (खालच्या बैठकीसकट) उचलून नेते ती, दाराला लावते. खडकावर वर चिकटवा.

खारटपाणी
झाकण आहे. फ्रॅग नेते हे नवीनच कळलं :) टायगरऐवजी रँडल पिस्टल घेतली तर? लहान असते म्हणतात.

प्रवाळवेडा
लहान असते, साधारण ३ सेंमी. खणते कमी, पण खणतेच. ती यशा गोबीसारख्या छोट्या माशांबरोबर जास्त शोभते. शिवाय कुठलीही आणली तरी तुमचा वॉचमन तिला जवळ करेलच, याची हमी नाही. टँकच्या दोन कोपऱ्यांत दोघं सवतासुभा मांडून बसतात आणि श्रिंप तुम्हाला महिनोन्‌महिने दिसत नाही, असंही होतं. छोटे हर्मिट क्रॅब (शंखात राहणारे खेकडे) किंवा सेक्सी श्रिंप (चिमुकली कोळंबी) असतील तर त्यांच्यावरही एखादी 'टक्' पडू शकते.
माझं मत विचाराल तर एका लहान टँकमध्ये एकच खणणारा. तुमच्याकडे जॉफिश रुळलाय, तर पिस्टल नको. वॉचमन एकटाही खुशीत राहतो.

दोनबिळं
लांबी वाचून मीही आता यांच्याच बाजूने. आणायचीच असेल तर दुसऱ्या टँकमध्ये जोडी म्हणून आणा. विकणाऱ्याकडे एकाच बिळात राहणारी जोडी मिळाली तर उत्तम.

खारटपाणी
पटलं. टायगर रद्द. खडक मात्र या रविवारी उतरवतोच. एकच अडचण: जॉफिशच्या कोपऱ्याला लागूनच एक मोठा खडक आहे. तो हलवला तर बीळ कोसळेल ना?

गोबीनामा
तो शेवटी घ्या. आधी डावीकडचं सगळं उरका. मग तो सरळ वर उचला, वाळूतून ओढू नका. बीळ बुजलं तर हाताने उकरून मासा शोधू नका, तो स्वतः वाट काढतो. काम संपेपर्यंत वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) बंद, दिवे मंद, आणि हात बाहेर काढला की लगेच झाकण. शेजारी शंखांचे तुकडे आणि वेगवेगळ्या आकाराचे खडे मूठभर टाकून ठेवा, नवीन भिंतीला लागतीलच. खडक परत ठेवताना कोपऱ्यापासून वीतभर अलीकडे बसवा.