धंद्याच्या आराखड्यात विश्वास कुठे लिहायचा?

रामबागवाली ताई
इंदूरला भंवरकुआंच्या कोचिंगला आलेल्या मुलांसाठी दोन वेळच्या डब्याचा धंदा काढतेय. आम्ही ख्रिस्ती. आमच्याकडे बरेच जण आराखड्याच्या पहिल्या पानावर बायबलचं वचन लिहितात आणि खाली चारचौघांसारखाच हिशेब मांडतात. मला ते पटत नाही. विश्वास खर्चाच्या रकान्यात दिसला पाहिजे. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा अंदाज घ्या, असं प्रभू येशूनेच सांगितलंय (बायबलमध्ये, लूक 14).

तर हिशेब असा. 40 डबे, महिन्याचे 2,800, म्हणजे गल्ला 1,12,000. किराणा-भाजी-दूध 52,000, गॅस 8,000, खोलीभाडं 12,000, पोळ्या-भाजीला दोन बायका 20,000, डबे पोचवणारा 5,000. हातात 15,000. त्यातून दशमांश, म्हणजे देवासाठी दहावा हिस्सा.

रविवारी चूल बंद. बायकांची मजुरी ज्या-त्या दिवशी संध्याकाळी हातावर, कारण मजुराचे पैसे सूर्य मावळायच्या आत द्या असं बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात स्पष्ट आहे. महिनाभर पैसे अडकवून ठेवायचे आणि त्यावर आपला धंदा फिरवायचा, हे मला चोरीसारखं वाटतं. कर्ज नाही. आणि ज्यांना परवडत नाही अशा मुलांसाठी दोन डबे फुकट. शेताच्या काठाचं पीक गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी सोडा, असं बायबलच्याच ‘लेवीय’ पुस्तकात, 19व्या अध्यायात आहे. माझ्या शेताचा काठ तो हा.

विरोध असेल तर मोकळेपणाने लिहा.

हिशेबनीस
विरोध आहे. श्रद्धा मनात असावी, आराखड्यात आकडे असावेत. दशमांश कशावर काढणार ते लिहिलंच नाहीत. गल्ल्यावर काढलात तर 11,200 गेले, घरी न्यायला 3,800. उरलेल्यावर काढलात तर 1,500. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो तुम्ही देवावर सोडलाय. शिवाय परीक्षा संपल्या की मुलं गावी जातात. 40 डबे बारा महिने कोण देणार?

रामबागवाली ताई
उरलेल्यावर. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, दशमांश शेताच्या उत्पन्नाचा आहे. गल्ल्यातले 52,000 सियागंजच्या किराणा बाजारातल्या डाळ-तांदळाचे, मंडईचे, दूधवाल्याचे. ते माझं उत्पन्नच नाही. दुसऱ्याच्या पैशातून दान देऊन पुण्य कसलं?

सुट्ट्यांचं म्हणाल तर दुसरा कागद केलाय. 25 डबे धरले तर गल्ला 70,000. किराणा 32,500 आणि गॅस 5,000 वर येतो, पण भाडं, मजुरी, पोचवणी तेवढीच. महिन्याला साडेचार हजार खिशातून. त्यासाठी चार महिन्यांचे 18,000 बाजूला ठेवूनच चूल पेटवायची. ‘अमुक शहरी जाऊ, व्यापार करू, पैसा कमवू’ म्हणणाऱ्यांना बायबलमध्ये याकोब आपल्या पत्रात विचारतो, उद्याचं तुम्हाला काय ठाऊक? मला तर ते वाचूनच दुसरा कागद करायचं सुचलं. म्हणून म्हणते, मनात ठेवून भागत नाही.

खंडव्याचा पोरगा
काकू, मी एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करतोय, मेसचं जेवतो. तुमच्या रविवारबद्दल आदर आहे, पण रविवारीच आम्हाला जरा निवांत जेवायला मिळतं. त्याच दिवशी चूल बंद म्हणजे बाहेर सत्तर-ऐंशी रुपये घालवा. तुमच्या उपासनेचा खर्च आमच्या खिशातून का?

रामबागवाली ताई
बाळा, रास्त विचारलंस. बायबलमध्ये रानात इस्राएल लोकांसाठी मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, पडायचा तेव्हा सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितलं होतं, सातव्याला कुणी उपाशी नव्हतं. तसं शनिवारी रात्रीच्या डब्याबरोबर दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि लोणचं देईन. दुसऱ्या दिवशी आरामात टिकतात.

खंडव्याचा पोरगा
दुपारचं भागलं. रात्रीचं काय?

मंडळीतला भाऊ
ताई, मी विश्वासातलाच, तरी कर्जाबद्दल तुमच्याशी सहमत नाही. ‘ऋणको धनकोचा दास’ हे नीतिसूत्र मलाही पाठ आहे. तो इशारा आहे, बंदी नाही. येशूने सांगितलेल्या रुपयांच्या दृष्टांतात पैसे पुरून ठेवणाऱ्या दासाला धनी काय म्हणतो? निदान सावकाराकडे ठेवायचे होतेस, व्याजासकट मिळाले असते (मत्तय 25). मुद्रा योजनेत शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळतं, तारण लागत नाही. आणि सियागंजहून महिन्याच्या उधारीवर किराणा उचलणार असाल तर तेही कर्जच. त्याला वेगळं नाव देऊ नका.

रामबागवाली ताई
भाऊ, उधारीचं बरोबर आहे. म्हणून किराणा रोखीने, आठवड्याचा आठवड्याला. भाव थोडा चढा पडला तरी चालेल. मुद्राला मात्र नाहीच. हप्ता आला की पहिला डोळा बायकांच्या मजुरीवर जातो, हे मी घरोघरच्या धंद्यांत पाहिलंय. येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरात अक्विला-प्रिस्किल्ला या नवरा-बायकोबरोबर तंबू करायचा, स्वतःच्या हातांनी पोट भरायचा, कुणावर भार नको म्हणून. केडगावला पंडिता रमाबाईंनी मुलींच्या हाती छापखाना, विणकाम, शेती दिली. लहान, पण आपल्या हातातलं, ही माझी वाट.

मंडळीतला भाऊ
रमाबाईंना इंग्लंड-अमेरिकेतून मोठी मदत येत होती. भांडवल कुठून तरी यावंच लागतं, ताई. तुमच्याकडे ते सोन्यातून येणार असेल तर तसं आराखड्यात लिहा.

शेजारीण
मी तुमच्या धर्माची नाही, पण इतकी वर्षं शेजारी आहोत म्हणून सांगते. फुकटच्या डब्यांबद्दल जपा. मध्य प्रदेशात 2021 चा धार्मिक स्वातंत्र्य कायदा आहे, आमिष दाखवून धर्मांतर हा गुन्हा आहे. तुमच्या मनात तसलं काही नाही हे मला माहीत आहे, पण गल्लीतल्या सगळ्यांना नाही. फुकटचे दोन डबे आणि वर बायबलचं वचन, कुणी काहीही अर्थ काढेल. धर्माचं नाव न घेता द्या.

रामबागवाली ताई
डब्यावर वचन नाही, पत्रक नाही, प्रार्थनेचं बोलावणं नाही. बाकीच्या 40 सारखाच डबा, कोणता फुकटचा हे पोचवणाऱ्यालाही कळणार नाही. काठाचं पीक उचलणाऱ्याला त्याचा देव कोणता हे शेतकऱ्याने विचारावं, असं शास्त्रात कुठेही नाही. पण लपवणारही नाही. कुणी विचारलं का देता, तर कारण सांगेन.

हिशेबनीस
मग तुमच्याच नियमाने विचारतो. विश्वास खर्चाच्या रकान्यात म्हणालात, पण ते दोन डबे रकान्यात कुठे आहेत? 52,000 म्हणजे डब्यामागे 1,300. दोन डब्यांचे 2,600 धरलेलेच नाहीत.

रामबागवाली ताई
धरले. किराणा 54,600, हातात 12,400, दशमांश 1,240. 25 डब्यांच्या कागदातही 2,600 वाढतील, तेव्हा खिशातून 7,100 आणि बाजूला ठेवायचे 28,400. त्यासाठी दोन बांगड्या मोडाव्या लागतील, भाऊ, तेही लिहिते.

आणि खंडवेकरा, रविवारी रात्री खिचडी चालेल का? आमची उपासना सकाळी असते, पण बायकांना त्या दिवशी बोलवायचं नाही. बहीण आणि मी दोघींनीच कुकर लावायचा, तर तो विसावा मोडला की नाही, यावर आमच्या घरात अजून वाद चालू आहे.