रायलेच्या कड्यांवरचे बोल्ट

प्रश्न: मी वडोदऱ्याची, दांडिया बाजार. चढाईचा हात पावागडच्या ज्वालामुखी दगडावर बसलाय. जानेवारीत थायलंडला रायलेला जातेय. तिथल्या चुनखडकात दोर अडकवायला कायमच्या बसवलेल्या बोल्टवर भरवसा ठेवावा का?

उत्तर १: बघूनच. समुद्राच्या हवेत स्टेनलेस स्टीलसुद्धा आतून तडकतं, वरून मात्र चकचकीत! म्हणून तिथे टायटॅनियमचे बोल्ट डिंकासारख्या रसायनाने बसवतात. जुना, गंजाचे ओघळ आलेला बोल्ट दिसला की तो मार्ग सोडा.

उत्तर २: ताई, लोंबत्या चुनखडी सुळक्यांना मिठी मारत चढायला जाम मजा येते. गर्दीच्या मार्गांवर पकडी गुळगुळीत झाल्यात, त्यात घाम. चॉक, म्हणजे हात कोरडे ठेवणारी पूड, भरपूर न्या. रायलेला गाडीरस्ता नाही, जवळच्या आओ नांग गावाहून होडी. उतरताना गुडघाभर पाणी असू शकतं, दोर डोक्यावर धरा.

प्रश्नकर्ती: दोर ६० की ७० मीटर?

उत्तर १: ७०. आणि टोकाला गाठ माराच.