अनुभव धागा: बसचा सवलतीचा पास, कोणाला मिळाला, कोणाला नाही

रामबागकर: काल इंदुरात पलासियाला बसमध्ये एक मुलगा चढला, कानाला मशीन, पास दाखवला तर कंडक्टर त्याच्या पायांकडेच बघायला लागला. मला एकदम बाबा आठवले. पार्किन्सन होता त्यांना, गोळीचा असर असेपर्यंत चांगले चालायचे म्हणून बसमध्ये कोणाला पटायचंच नाही, आणि असर उतरला की तोच माणूस दारात खिळल्यासारखा उभा, मागून लोक ओरडतायत. 2016 च्या कायद्यात दिव्यांगांचे 21 प्रकार आहेत, आधी 7 होते. पार्किन्सन त्या 21 मध्ये आहे हे शेजारच्या फिजिओवाल्या ताईंनी सांगितलं, तोवर घरात सगळे वयाच्याच नावावर टाकत होते. तुमच्याकडचंही लिहा.

सुदामानगरची काकू: आमच्या दिरांना एका डोळ्याने लहानपणापासून काहीच दिसत नाही, दुसरा ठणठणीत. मेडिकल बोर्डाने 30 टक्के लिहून दिले, सवलतीला 40 लागतात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मात्र आलं, पांढरं. 40 पासून पिवळं, 80 पासून निळं असतं म्हणे. दीर म्हणतात सरकारला मान्य आहे मला दिसत नाही, फक्त तिकिटापुरतं दिसतं.

पोहेजलेबी: हाहाहा दिरांना नमस्कार सांगा काकू

वैशाली: बहिणीच्या मुलाला अजिबात ऐकू येत नाही, पण बोलतो छान, तिने नोकरी सोडून त्याला स्पीच थेरपीला नेलं होतं. आणि रेल्वेत सवलत कोणाला, तर मूक आणि बधिर दोन्ही असेल त्याला. म्हणजे बोलायला शिकवलं तो गुन्हाच झाला ना. सिटी बसचा पास झाला त्याचा.

निवृत्त माणूस: सगळे दिव्यांगांचंच बोलताय, आम्हा म्हाताऱ्यांचं काय? 2007 च्या कायद्याने 60 ला ज्येष्ठ. रेल्वेत पुरुषांना 60 ला 40 टक्के सूट होती, बायकांना 58 ला 50 टक्के. मार्च 2020 मध्ये बंद केली. मी त्याच वर्षी मे महिन्यात 60 चा झालो. आता बोला.

पोहेजलेबी: काका तुमचं टायमिंग

वैशाली: काका महाराष्ट्रात जाऊन राहा, तिकडे एसटीत 65 ला अर्धं, 75 ला फुकट. पण त्यांच्या हद्दीतच हं. माझी आई 77 ची, इथे पूर्ण तिकीट आणि बिजासन घाट उतरून महाराष्ट्रात शिरलं की अमृत योजना, म्हणजे ते 75 चं फुकट.

सुदामानगरची काकू: बायकांना तर तिकडे 2023 पासून वयाची अटच नाही, अर्धं तिकीट. नणंद धुळ्याहून नाशिकला नुसती साडी बघायला जाते. घेत नाही, बघते.

चाकाची खुर्ची: पासचं काय घेऊन बसलात, चढायचं कसं ते बोला. माझ्याकडे निळं कार्ड आहे, पास आहे, आणि बसच्या पायऱ्या माझ्या छातीशी येतात. 2013 मध्ये बीआरटीएस, म्हणजे बसची वेगळी लेन, सुरू झाली तेव्हा निरंजनपूरपासून राजीव गांधी चौराह्यापर्यंत स्टॉपचा प्लॅटफॉर्म बसच्या दाराच्या उंचीला, मी खुर्चीसकट आत. आता ती काढायचा हायकोर्टाचाच आदेश आहे, ट्राफिकवाले खूश. असू देत. पण तशी उंची दुसरीकडे कुठे बांधणार ते कोणी विचारत नाही.

निवृत्त माणूस: बीआरटीएसने एबी रोडची वाट लावली होती भिया.

चाकाची खुर्ची: तुमच्या गाडीची लावली होती काका, माझी नाही.

रामबागकर: भांडू नका. कोणी विचारलंय बाबांचं, हो, पास झाला. मग रोज संध्याकाळी राजवाड्याला जाऊन कचोरी खाऊन यायचे, आई वैतागायची.

जोशीसून: आमचं सगळं नावावर अडलंय. आपल्यात मधे नवऱ्याचं नाव, इकडच्या लोकांत ती पद्धत नाही. सासूबाईंचं आधारवर तीन नावं, समग्र आयडीत (इथल्या राज्य सरकारचा कुटुंबाचा नंबर) दोन, सर्टिफिकेटवर आडनाव 'जोसी'. खिडकीवरचा म्हणे ह्या तीन वेगळ्या बाया आहेत

पोहेजलेबी: मग तीन पास मागायचे ना

वैशाली: आधी समग्रमध्ये दुरुस्ती करून घे ताई, झोन ऑफिसात होते. मग बाकीचं.

जोशीसून: तिथेच तर अॅफिडेव्हिट मागितलंय. नोटरी कोणी चांगला?

सुदामानगरची काकू: कोर्टासमोर बसतात. सकाळीच जा, जेवायला उठले की ते परत येत नाहीत.